कॉइलओव्हर बसवताना क्रम चुकवू नका: आधी उंची, मग बुश, मग अलाइनमेंट, क्लिक सगळ्यात शेवटी

घोडबंदर रोड असो की ठाणे-बेलापूर रोड, कॉइलओव्हर (उंची आणि शॉकअपचा कडकपणा बदलता येणारं स्प्रिंग-शॉकअपचं किट) बसवलेल्या गाड्यांच्या मालकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी फार कडक झाली, गतिरोधकावर आपटते, पुढून खडखड येते, टायर आतून झिजले. मग किटला दोष दिला जातो. बऱ्याचदा किट ठीक असतं, काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. स्प्रिंगची कॉलर (तिच्याखालची आट्यांवर फिरणारी कडी) फिरवून गाडी खाली बसवलेली असते, बुशचे (सांध्यांमधल्या रबरी तुकड्यांचे) बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळलेले असतात, त्याच संध्याकाळी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) उरकलेली असते आणि नंतर काही जमेना म्हणून क्लिक (शॉकअपचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे टप्पे) फिरवत बसलेले असतात. आधीच्या टप्प्यातली चूक पुढच्या टप्प्यात दुरुस्त होत नाही, नुसती झाकली जाते.

हा लेख आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅक आणि सेडानसाठी आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई). लॅडर फ्रेमच्या मोठ्या एसयूव्हींचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

टप्पा १: पैसे देण्याआधी

आधी कायद्याचं बघा. गाडीत परवानगीशिवाय केलेल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बंधन घालतं. कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी एमएच-०४ असेल तर ठाण्याच्या आरटीओत, एमएच-४३ असेल तर नवी मुंबईच्या आरटीओत तुमच्या मॉडेलचं आणि किटचं नाव सांगून आधी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि लेखीच उत्तर घ्या. दुकानदाराचा ‘सगळे लावतात’ हा दिलासा क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

मग किट. उंची दोन पद्धतींनी बदलता येते. स्वस्त किटमध्ये फक्त स्प्रिंगखालची कॉलर वर-खाली होते. चांगल्या किटमध्ये शॉकअपचा तळाचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो आणि स्प्रिंगला हात न लावता पूर्ण शॉकअपची लांबी बदलते. आपल्या रस्त्यांसाठी दुसरंच घ्या. का, ते टप्पा ५ मध्ये.

स्प्रिंगचा दर विचारा. तो किलो प्रति मि.मी. मध्ये सांगतात, म्हणजे स्प्रिंग एक मि.मी. दाबायला किती किलो लागतात. छोट्या हॅचबॅकची मूळ स्प्रिंग साधारण २ ते ३ च्या आसपास असते. किटमध्ये पुढे ८ किंवा त्याहून जास्त असेल तर ते ट्रॅकसाठी बनवलेलं आहे. घोडबंदर रोडवरून वाघबीळ ते गायमुख रोज जायचं असेल तर ते घेऊ नका. स्प्रिंगचा कडकपणा पुढे कुठल्याही क्लिकने कमी होत नाही.

गाडी किती खाली घ्यायची तेही आत्ताच ठरवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी अलगद जाते. सोसायटीच्या गेटवरचे आणि गल्लीतले गतिरोधक तितकेच उंच, पण अर्धा-पाऊण मीटर रुंदीचे असतात. खाली घेतलेल्या गाडीचं पोट तिथेच घासतं. दुसरी जागा म्हणजे टॉवरच्या बेसमेंटचा रॅम्प. तो संपतो तिथल्या टोकावर चार माणसं बसलेली गाडी मधोमध टेकते. माझं मत ठाम आहे: रोजच्या गाडीला मूळ उंचीपेक्षा १५ ते २० मि.मी. खाली, त्यापेक्षा जास्त नाही. मूळ उंचीलाच ठेवली तरी किटचा निम्म्याहून जास्त फायदा मिळतो.

शेवटचं म्हणजे वेळ. हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढा. जुलैत केलेली अलाइनमेंट पहिल्याच पाणी भरलेल्या खड्ड्यात बिघडते आणि दोष किटचा, अलाइनमेंटवाल्याचा की खड्ड्याचा, ते कळायला मार्ग उरत नाही.

टप्पा २: सामान आणि जागा

हायड्रॉलिक जॅक दोन, जॅक स्टँड चार, चाकांना अडसर म्हणून लावायचे ठोकळे, रिंग पाने आणि सॉकेटचा संच, अॅलन कीचा संच, टॉर्क रेंच, स्प्रिंग कंप्रेसर, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मास्किंग टेप, मोजपट्टी, पेंट मार्कर. शिवाय तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे कागदावर लिहून घ्या. ‘दणकून आवळ’ हा आकडा नव्हे. कारखाना जे नट-बोल्ट एकदाच वापरायला सांगतो ते नवे आणून ठेवा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यात काँक्रीटची जमीन आणि चाकांवर गाडी पेलणारी लिफ्ट असलेलं गॅरेज शोधा. स्वतः पाना धरणार नसाल तरी पुढचे टप्पे वाचून जा, म्हणजे मेकॅनिककडून काय करून घ्यायचं ते नेमकं सांगता येईल.

आदल्या संध्याकाळी चाकांच्या आतल्या बाजूचे सगळे बोल्ट वायर ब्रशने घासून स्प्रे मारून ठेवा. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा चिखल यामुळे आपल्याकडच्या गाड्यांचे लिंक रॉडचे (अँटी-रोल बार आणि स्ट्रट जोडणाऱ्या दांड्यांचे) नट अक्षरशः चिकटलेले असतात. जोर लावला की आटे जातात.

टप्पा ३: काही सोडण्याआधी माप घ्या

हा टप्पा सगळेच गाळतात. नंतर गाडी डावीकडे झुकलेली दिसते आणि ती आधीपासून झुकलेली होती की आत्ता झुकली, हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी जमीन सपाट आहे का ते बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पार्किंगची आणि गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. लादी बसवणारे मिस्त्री वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. तिचं एक टोक पुढच्या डाव्या चाकाच्या जागी एका काठीला बांधून ठेवा आणि दुसरं टोक बाकीच्या तिन्ही जागी फिरवा. नळीत बुडबुडा नको, नाहीतर माप खोटं येतं. प्रत्येक जागी पाण्याची पातळी जमिनीपासून किती वर आहे ते लिहा. पातळी सगळीकडे एकच असते, त्यामुळे जिथे आकडा जास्त येतो तिथे जमीन तितकी खाली आहे. फरक ५ मि.मी. च्या वर गेला तर त्या चाकाखाली प्लायचा तुकडा सरकवा आणि जागांवर खडूने खुणा करा. पुढची सगळी मापं याच जागी घ्यायची आहेत.

आता टायरची हवा दरवाजावरच्या पट्टीप्रमाणे थंड असताना भरा, टाकी अर्धी ठेवा, डिकी रिकामी करा आणि चालकाच्या सीटवर चालकाइतकं वजन ठेवा. प्रत्येक चाकावर फेंडरच्या कडेला, चाकाच्या मध्याच्या बरोबर वर, मास्किंग टेपचा तुकडा लावून रेघ मारा. चाकाच्या केंद्रापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. चारही आकडे लिहून फोटो काढून ठेवा.

तपासा: डाव्या-उजव्यात १० मि.मी. पेक्षा जास्त फरक असेल तर आधी त्याचं कारण शोधा. तुटलेली स्प्रिंग किंवा वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) नवं किट झाकून टाकेल, बरा करणार नाही.

टप्पा ४: जुनं काढणं

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा आडवा दांडा) पिळलेला राहतो आणि लिंक रॉड निघता निघत नाही. गाडी जॅक स्टँडवर, कंपनीने दिलेल्या जागांवरच टेकवा.

क्रम असा: ब्रेकच्या नळीची क्लिप, एबीएसच्या वायरची क्लिप, लिंक रॉडचा नट (आतला दांडा अॅलन कीने धरून), मग स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारे दोन बोल्ट. हे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर मार्करने खूण करा आणि लोअर आर्मखाली दुसरा जॅक लावा. नकल सुटल्यावर बाहेर लोंबकळू दिली तर ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा निसटतो आणि ब्रेकची नळी ताणली जाते. तिला तारेने बांधून ठेवा. बॉनेटखालचे टॉप माउंटचे (स्ट्रटचं वरचं टोक गाडीला धरणाऱ्या भागाचे) नट सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा दुसऱ्या माणसाने स्ट्रट खालून धरलेला हवा.

इशारा: टॉप माउंटच्या मधोमध जो एकच मोठा नट दिसतो त्याला या टप्प्यावर हात लावायचा नाही. दबलेली स्प्रिंग त्याच नटाने अडवलेली असते. जुना माउंट नव्या किटला वापरायचा असेल तर स्ट्रट बाहेर काढून, कंप्रेसरने स्प्रिंग दाबून ती दोन्ही टोकांच्या आधारांवरून सुटी झाल्यावरच तो नट उघडा. या एका नटाने माणसं कायमची जायबंदी होतात.

मागे टॉर्शन बीमला जॅकचा आधार द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू खाली सोडा. स्प्रिंग हाताने निघते. हँडब्रेकची केबल आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, याकडे एकाने सतत लक्ष ठेवायचं.

टप्पा ५: टेबलावरची जुळणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

समजा पुढच्या एका स्प्रिंगवर ३०० किलो वजन येतं आणि तिचा दर ६ किलो प्रति मि.मी. आहे. म्हणजे गाडी टेकली की स्प्रिंग ५० मि.मी. दबणारच. कॉलर १० मि.मी. वर चढवली तरी स्प्रिंग ५० मि.मी. च दबते, कारण वजन तेवढंच आहे. ती कडक होत नाही. गाडी १० मि.मी. वर येते, आणि खड्ड्यात चाकाला खाली जायला जो प्रवास होता तो १० मि.मी. ने घटतो. उलट कॉलर खाली सोडली तर गाडी खाली बसते, पण शॉकअपचा दबण्याचा प्रवास तेवढा खर्च होतो आणि दांडा बंप स्टॉपवर (प्रवास संपताना धक्का झेलणाऱ्या रबरावर) आपटायला लागतो. कॉलर त्याहून खाली गेली की गाडी उचलल्यावर स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकते. गतिरोधक उतरताना येणारा ‘टक’ आवाज बहुतेकदा हाच असतो.

म्हणून कॉलर आणि उंची यांची कामं वेगळी ठेवा.

१. शॉकअप उभा धरा. कॉलर हाताने वर आणा, स्प्रिंग दोन्हीकडे टेकून हलायची थांबली की थांबा. तिथून किटच्या कागदावर दिलेला प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणं) द्या. काही दिलेलं नसेल तर २ ते ५ मि.मी. पुरतो. लॉक कॉलर आवळा.

२. दुसऱ्या बाजूच्या शॉकअपलाही तेवढाच प्रीलोड द्या. फेरे मोजू नका, शॉकअपच्या बॉडीच्या टोकापासून कॉलरपर्यंतचं अंतर मोजा.

३. तळाचा ब्रॅकेट फिरवून दोन्हींची एकूण लांबी सारखी करा. आट्यांची किमान पकड किती हवी ते किटच्या कागदावर असतं. त्यापेक्षा जास्त बाहेर काढलेला ब्रॅकेट खड्ड्यात आटे तोडून निघू शकतो.

मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे तिथे उंची स्प्रिंगच्या अॅडजस्टरनेच बदलते. स्प्रिंग बीमवर चाकाच्या सरळ रेषेत नसल्यामुळे अॅडजस्टर १० मि.मी. फिरवला म्हणून गाडी बरोबर १० मि.मी. हलत नाही. फिरवा, गाडी टेकवा, मोजा.

टप्पा ६: गाडीवर बसवणं

सगळे बोल्ट आधी हाताने काही आटे आत घाला, मगच पाना लावा. टॉप माउंटचे नट आणि नकलचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा. ज्या बोल्टच्या मध्ये रबरी बुश आहे, म्हणजे लोअर आर्मचे (सोडले असतील तर) आणि मागच्या शॉकअपचे, ते फक्त टेकवून ठेवा. लिंक रॉड, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर आपापल्या ब्रॅकेटवर परत लावा. वायर केबल टायने कुठेतरी बांधून काम चालवू नका.

तपासा: चाक लावून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. नळी आणि वायर कुठे ताणली जाते का? टायर आणि कॉलर यांच्यात निदान ६ मि.मी. जागा आहे का? रुंद टायर टाकलेल्या गाड्यांमध्ये हीच जागा संपते.

टप्पा ७: गाडी टेकवणं, उंची आणि बुश

जॅकवरून उतरवल्या उतरवल्या गाडी नेहमी उंच दिसते, कारण टायर जमिनीला अडकून आत ओढलेले असतात. पाच-सहा मीटर पुढे-मागे चालवा, चारही कोपरे हाताने दाबून सोडा, मग खडूच्या खुणांवर उभी करून टप्पा ३ ची मापं पुन्हा घ्या, त्याच हवेला आणि त्याच वजनाला. फरक असेल तर पुढे तळाच्या ब्रॅकेटने आणि मागे अॅडजस्टरने दुरुस्त करा. डाव्या-उजव्यात ३ ते ५ मि.मी. चा फरक चालतो.

उंची ठरली की बुशचे बोल्ट आवळायचे, आणि तेही गाडीचं वजन चाकांवर असताना. त्यासाठीच चाकांवर पेलणारी लिफ्ट किंवा खड्डा असलेलं गॅरेज हवं. रबर ज्या स्थितीत आवळाल तीच त्याची आरामाची स्थिती होते. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी टेकल्यावर बुश कायम पिळलेला राहतो, गाडी उंच आणि कडक वाटते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. ‘किटने बुश खाल्ले’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

टप्पा ८: बसू द्या

२०० ते ३०० कि.मी. नेहमीसारखी चालवा. क्लिक किटच्या मधल्या आकड्यावर, चारही चाकांना. पहिल्या १०० कि.मी. च्या आत चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. आवाज आला तर कुठून, कधी, वळताना की खड्ड्यात, ते लिहून ठेवा. नंतर उंची पुन्हा मोजा. काही मि.मी. खाली आली असेल, तेवढी दुरुस्त करा.

टप्पा ९: अलाइनमेंट, मग दिवे

उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) आणि कँबर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही बदलतात. उंची तीच ठेवली असली तरी नकलचे बोल्ट सुटले म्हणजे कँबर हललाच. म्हणून अलाइनमेंट टाळता येत नाही, आणि गाडी बसण्याआधी केलेली अलाइनमेंट वाया जाते.

मशीनवर चढवण्याआधी तुम्हाला हवे ते आकडे सांगा. नुसतं ‘हिरवं आलं’ यावर समाधान मानू नका. रोजच्या गाडीला पुढचा कँबर उणे १ अंशाच्या आसपास, फार तर उणे १.५, आणि दोन्ही बाजूंमध्ये अर्ध्या अंशाच्या आत फरक. टो कंपनीच्या आकड्यावरच. टायर आतून खाण्याचं काम कँबरपेक्षा बिघडलेला टो जास्त करतो. किटमध्ये कँबर प्लेट असेल तर आधी कँबर, नंतर टो, कारण कँबर हलवला की टोही हलतो. मागे टॉर्शन बीमला सहसा काहीच सेट करता येत नाही, पण आकडे छापून घ्या. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद गाडीत ठेवा.

गाडी मागून खाली बसली असेल तर दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. सपाट जागी भिंतीवर झोत पाडून उंची दुरुस्त करा. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर स्टीअरिंग अँगल सेन्सर सर्व्हिस सेंटरमधून कॅलिब्रेट करून घ्या. पुढच्या काचेवर कॅमेऱ्याची यंत्रणा असलेल्या गाडीला कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही लागू शकतं.

टप्पा १०: आता क्लिक

क्लिक नेहमी पूर्ण कडक बाजूकडून मोजायचे. नॉब कडक दिशेला अलगद थांबेपर्यंत फिरवा, तो शून्य. तिथून मागे मोजत या. मऊ बाजूचं टोक बहुतेक नॉबना नेमकं नसतं, तिकडून मोजलं तर डावा आणि उजवा जुळत नाहीत. थांबलेल्या नॉबवर जोर देऊ नका, आतली सुई बिघडते.

एक ठरलेला मार्ग निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा चालवा. मला पटतो तो असा: घोडबंदर रोडचा एखादा खडबडीत पट्टा, मग मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ या उड्डाणपुलांवरचे जोड, ५० च्या आसपास वेगाने. नवी मुंबईकरांना सपाटीसाठी पाम बीच रोड आणि सांध्यांसाठी उड्डाणपूल आहेत. वेगमर्यादेतच. सस्पेन्शनचं जे काही कळायचं ते तिथेच कळतं.

एका वेळी एकच बदल: पुढची जोडी किंवा मागची जोडी, दोन क्लिक. वहीत लिहा.

– जोड ओलांडल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा वर-खाली डोलते: त्या बाजूला दोन क्लिक कडक.

– सलग छोट्या खड्ड्यांत गाडी खाली खाली बसत गेल्यासारखी वाटते, टायर उडतात: रिबाउंड (दबलेला शॉकअप उघडताना होणारा विरोध) जास्त आहे, पुढचा खड्डा येण्याआधी स्प्रिंगला उघडायला वेळ मिळत नाही. दोन क्लिक मऊ. इथेच बहुतेक जण आणखी कडक करतात आणि गाडी अजून बिघडवतात.

– मोठ्या खड्ड्यात शेवटी ‘धप्प’ होतं: बंप स्टॉप लागतोय. उंची ५ ते १० मि.मी. वाढवा, क्लिकने हे जात नाही.

– वळणात पुढचं टोक बाहेर सरकतं: आधी पुढे दोन क्लिक मऊ करून बघा. मागचं कडक करण्याची घाई नको, ओल्या रस्त्यावर मागचं टोक निसटतं.

– गाडी एका बाजूला ओढते: टायरची हवा आणि अलाइनमेंट बघा, नॉबला हात लावू नका.

एकट्याने जुळवलेली गाडी चार माणसं बसली की वेगळी वागते. म्हणून एक फेरी पूर्ण घर घेऊन करा, आणि बेसमेंटचा रॅम्प त्या फेरीत हवाच.

टप्पा ११: पावसाळ्याआधी आणि नंतर

मे महिन्याच्या शेवटी आणि दसऱ्याच्या सुमारास चाकं काढा, आट्यांवरचा चिखल पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने काढून कोरडं करा. कॉलरच्या जागेवर मार्करने खूण करून ती थोडी खाली-वर फिरवा आणि बरोबर खुणेवर परत आणून लॉक करा. हे टाळलं तर दोन पावसाळ्यांत कॉलर अशी जाम होते की हातोडीशिवाय हलत नाही. आट्यांना चिकट ग्रीस थापू नका, त्यात वाळू धरते. किट बनवणारा सांगेल तेवढाच कोरडा ल्युब्रिकंट वापरा. शॉकअपच्या दांड्यावर तेलाची ओल दिसली तर सील गेलं आहे. ती जोडी उतरवून दुरुस्तीला द्या, आणि जुनी स्प्रिंग-शॉकअपची जोडी तोवर भंगारात घातली नसेल तर गाडी घरी उभी राहणार नाही.